धरायचं किती आणि सोडायचं कधी

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना एका औषधाचं नाव पाठ झालं होतं. रेमडेसिविरच्या एका कुपीसाठी माणसं दुकानांपुढे रांगा लावत होती, ओळखीपाळखी काढत होती, काळ्या बाजारात पैसे मोजत होती. ते औषध नेमकं किती उपयोगी होतं हा वाद वेगळा. इथे बोलायचंय ते त्या कुपीतल्या दुसऱ्या पदार्थाबद्दल. कुपीवर १०० मिलिग्रॅम असं छापलेलं असतं, पण कोरड्या पावडरीच्या मूळ सूत्रात तीन ग्रॅमहून जास्त ऐवज भरलेला असतो. औषध एक भाग आणि त्याच्यासोबत तीस भाग वेगळंच काहीतरी. ही भेसळ नाही. त्या पावडरीचं नाव लांबलचक आहे: सल्फोब्युटिल इथर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन. तिच्याशिवाय ते औषध शिरेतून देता आलं नसतं.

अडचण साधी आहे. रेमडेसिविर पाण्यात जेमतेम विरघळतं, आणि सलाइन काय किंवा रक्त काय, मुख्यतः पाणीच. सायक्लोडेक्स्ट्रिनचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या घटकांचं जोडलेलं कडं. बाहेरून ते पाण्याशी छान जमवून घेतं, आतली पोकळी मात्र पाण्याशी फारसं सख्य नसलेली. पाण्याला बिचकणारा औषधाचा रेणू, किंवा त्याचा एखादा भाग, त्या पोकळीत शिरतो आणि बाहेरच्या आवरणाच्या जोरावर पाण्यात मिसळून जातो. नेहमीचा रासायनिक बंध इथे जुळत नाही आणि तुटतही नाही. रसायनशास्त्रात पोकळी असलेल्या रेणूला यजमान म्हणतात, आत येणाऱ्याला पाहुणा. अशा मोठ्या कड्याच्या रेणूंचं एक अख्खं घराणं आहे: क्राउन इथर, क्रिप्टँड, सायक्लोडेक्स्ट्रिन, कॅलिक्सरिन, कुकुरबिटुरिल.

आता वजनाऐवजी रेणू मोजू. औषधाचा रेणू हलका, यजमानाचा त्याच्या साडेतीन पटींहून जड. हिशेब केला तर एका पाहुण्यामागे सुमारे आठ यजमान पडतात. पाहुणा एक तर यजमानही एक पुरायला हवा होता. तो पुरत नाही, कारण ही पकड सैल आहे. पाहुणा सतत आत-बाहेर करत असतो, आणि कोणत्याही क्षणी बहुतेक पाहुणे आत असावेत असं वाटत असेल तर रिकाम्या जागा भरपूर ठेवाव्या लागतात. औषधं विरघळवायला जी सायक्लोडेक्स्ट्रिनं वापरतात त्यांचा बंधन-स्थिरांक साधारण शंभर ते दहा हजारांच्या दरम्यान असतो. हा आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट. या क्षेत्रातले विक्रम पाहिले तर शंभर-हजार म्हणजे काहीच नाही.

पण नेमकी तीच सैल पकड इथे हवी असते. इंजेक्शन रक्तात जाऊन पातळ झालं की समतोल उलट्या बाजूला कलतो, पाहुणे बाहेर पडतात आणि कामाला लागतात. रिकामी कडी मूत्रपिंडावाटे निघून जातात. मूत्रपिंड फार बिघडलेल्या रुग्णांच्या बाबतीत या पावडरीचा वेगळा विचार करावा लागतो तो त्यामुळेच. यजमानाने पाहुण्याला घट्ट धरून ठेवलं असतं तर औषध कड्यात बसूनच शरीरभर हिंडलं असतं आणि विषाणूला न भेटता लघवीतून गेलं असतं.

यजमान-पाहुणा रसायनशास्त्रावरचे लेख बहुधा कुलूप आणि किल्लीपासून सुरू होतात. एमिल फिशरने १८९४ मध्ये विकरांसाठी वापरलेली ती प्रतिमा इतकी सोयीची आहे की ती सोडवत नाही. मला ती या विषयापुरती अर्धवट वाटते. किल्ली कुलपात बसते की नाही, एवढंच ती सांगते. किती घट्ट बसते, कोणाच्या बदल्यात बसते, बाहेर कशी निघते, याबद्दल ती गप्प आहे. आणि या रेणूंचा उपयोग ठरतो तो या तीन गोष्टींवर.

सायक्लोडेक्स्ट्रिनचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बराचसा उशिराचा इतिहास आहे. १८९१ मध्ये व्हिलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला जिवाणूंनी पचवलेल्या स्टार्चमध्ये थोडे स्फटिक मिळाले. हजार ग्रॅम स्टार्चमागे तीन ग्रॅम. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्हिएन्नामध्ये फ्रांत्स शार्डिंगर अन्नविषबाधेला कारण होणारे, उष्णतेला न जुमानणारे जिवाणू तपासत होता. त्यालाही तसेच स्फटिक दिसले, आणि आयोडिनच्या मदतीने त्याने त्यांचे दोन प्रकार वेगळे केले. ते कड्याच्या आकाराचे आहेत हे कळायला १९३० चं दशक उजाडलं. १९५३ मध्ये जर्मनीत फ्रॉयडेनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी औषधं या कड्यांत बसवण्याचं पेटंट घेतलं. गाडी रुळावर आली म्हणेपर्यंत १९५७ मध्ये एका प्रतिष्ठित आढावा लेखात सायक्लोडेक्स्ट्रिन उंदरांना मानवत नाहीत अशी नोंद आली. तिच्यामागचा प्रयोग कधी नीट प्रसिद्ध झाला नाही, पण ज्या पदार्थाला विषाचा शिक्का बसला त्यावर पैसा लावायला कोण तयार होणार? नमुने नीट शुद्ध करून पुन्हा चाचण्या झाल्यावर तो शिक्का पुसला गेला. १९७६ मध्ये जपानमध्ये सायक्लोडेक्स्ट्रिनसह बनवलेलं पहिलं औषध बाजारात आलं. हंगेरीतल्या योझेफ सेट्लीने या पदार्थाची बाजू इतक्या चिकाटीने लावून धरली की १९८१ मध्ये या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद बुडापेस्टला भरली. आज दुर्गंधी घालवणाऱ्या फवाऱ्यांपासून अंड्यातलं कोलेस्टेरॉल काढण्यापर्यंत ही कडी वापरली जातात.

सहा ग्लुकोजचं कडं अल्फा, सातांचं बीटा, आठांचं गॅमा. तिन्हींची उंची जवळपास सारखी, सुमारे ०.८ नॅनोमीटर. फरक रुंदीत. आतला व्यास अल्फाचा सुमारे अर्धा नॅनोमीटर, बीटाचा ०.६ च्या वर, गॅमाचा ०.८ च्या आसपास. आकाराने दोन्ही तोंडं उघडी, पण एक तोंड किंचित निमुळतं. गंमत बीटाची आहे. औषधांच्या रेणूंना तिची पोकळी सर्वांत सोयीची, पण पाण्यात विरघळण्यात तीच सर्वांत मागे: लिटरभर पाण्यात १८.५ ग्रॅम, तर अल्फा १४५ आणि गॅमा २३२. बीटाच्या रुंद तोंडाभोवतीचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांतच हायड्रोजन बंधांची साखळी करून बसतात आणि पाण्याकडे लक्ष देत नाहीत. शिवाय ती तशीच टोचली तर मूत्रपिंडाला इजा करते. तेव्हा कॅन्सस विद्यापीठात व्हॅलेंटिनो स्टेला आणि सहकाऱ्यांनी तिच्या कडांना ऋणभारित शेपट्या लावल्या. साखळी मोडली, विद्राव्यता वाढली. रेमडेसिविरच्या कुपीतली पावडर ती हीच.

पाहुणा आत का जातो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पोकळी रिकामी असते असं आपण धरून चालतो. पाण्यात बुडालेली कोणतीही पोकळी रिकामी नसते, तिच्यात पाणी असतंच. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये पाण्याचे सहा-सात रेणू मावतात. पण ते तिथे सुखात नसतात. मोकळ्या पाण्यात एकेका रेणूला आजूबाजूच्या शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध करता येतात. पोकळीच्या भिंती असे हात पुढे करत नाहीत. त्यामुळे हे पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त ऊर्जेच्या स्थितीत असतं. पाहुणा आला की ते बाहेर पडतं, मोकळ्या पाण्यात मिसळतं, आणि वाचलेली ऊर्जा सगळ्या व्यवहाराच्या खात्यात जमा होते. तेल आणि पाणी वेगळं होण्याचं नेहमीचं स्पष्टीकरण अव्यवस्थेच्या, म्हणजे एन्ट्रॉपीच्या भाषेत दिलं जातं. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या बाबतीत मात्र मोजमाप केलं तर अनेकदा उष्णतेचं पारडं जड निघतं. हे कोडं बरीच वर्षं टोचत होतं. पोकळीत अडकलेल्या अस्वस्थ पाण्याकडे पाहिलं तेव्हा ते बरंचसं सुटलं.

पाण्याचा हा हिशेब क्राउन इथरच्या गोष्टीत आणखी उघड होतो. ती गोष्ट चार्ल्स पेडरसनची. जन्म १९०४, कोरियातल्या बुसानमध्ये. वडील नॉर्वेचे, आई जपानी. शिक्षण योकोहामा आणि नंतर अमेरिकेत. एमआयटीतून मास्टर्स झाल्यावर त्याने डॉक्टरेट केली नाही. १९२७ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत रुजू झाला आणि ४२ वर्षं तिथेच राहिला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, निवृत्ती जवळ आलेली असताना, तो व्हॅनेडियमला धरणारा एक रेणू बनवत होता. कच्च्या मालात कॅटेकॉलची थोडी अशुद्धी राहून गेली होती, हे त्याला ठाऊक होतं, आणि तरीही त्याने प्रयोग पुढे नेला. हाती आलेल्या चिकट ऐवजातून पांढऱ्या, तंतूंसारख्या स्फटिकांचं एक उपउत्पादन निघालं, प्रमाण ०.४ टक्के. दुसऱ्या कोणीही ते टाकून दिलं असतं. पेडरसनला वेगळंच काही दिसलं: मिथेनॉलमध्ये नीटसे न विरघळणारे ते स्फटिक सोडियमचं संयुग घातलं की विरघळत होते. रेणूभार अपेक्षेच्या दुप्पट निघाला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हे अठरा अणूंचं बंद कडं आहे, त्यात सहा ऑक्सिजन आतल्या बाजूला तोंड करून बसलेत, आणि सोडियमचा आयन मधोमध बसलाय. अल्कली धातूंच्या आयनांना कोणताही साधा सेंद्रिय रेणू असा धरू शकतो, हे तोवर कुणाच्या कल्पनेत नव्हतं. १९६७ मध्ये त्याने एकट्याच्या नावाने लिहिलेल्या शोधनिबंधात अशा डझनावारी कड्यांची माहिती आली. त्यातलं एक मजेदार टोक म्हणजे बेंझिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट विरघळवणं. एरवी जे मीठ बेंझिनकडे ढुंकूनही पाहत नाही ते क्राउन इथरच्या सोबतीने त्याला जांभळं करून सोडतं.

पाठ्यपुस्तकांत यानंतर एक तक्ता येतो: बारा अणूंचं कडं लिथियमसाठी, पंधरांचं सोडियमसाठी, अठरांचं पोटॅशियमसाठी. आयन आणि छिद्र यांचा मापाला माप. अठरा अणूंच्या कड्यात पोटॅशियम खरोखरच नेमका बसतो. सिझियमचा आयन त्यात मावत नाही. चुंबळीवर घागर टेकावी तसा तो कड्यावर टेकतो, आणि कधीकधी वरूनही दुसरं कडं येऊन त्याला दाबतं. इथवर चित्र खरं आहे. पण पोटॅशियमला या कड्याची पसंती माप जुळतं म्हणूनच मिळते, हे पटत नाही. पाणी काढून घ्या, निर्वातात कडं आणि आयन समोरासमोर आणा, तर तेच अठरा अणूंचं कडं सर्वांत घट्ट धरतं लिथियमला, मग सोडियमला, मग पोटॅशियमला. लहान आयनाभोवती कडं स्वतःला वाकवून घेतं आणि त्याच्या दाट विद्युतभाराचा फायदा घेतं. पाण्यात क्रम बदलतो, कारण तोच दाट भार पाण्याच्या रेणूंनाही जास्त जोरात ओढतो. सोडियमवरचा पाण्याचा वेढा काढायला मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल लागतात, पोटॅशियमचा काढायला ३२० च्या आसपास. कडं सोडियमला हा वाढीव खर्च भरून देऊ शकत नाही. पोटॅशियम जिंकतो तो मुख्यतः स्वस्त पडतो म्हणून.

याचा पुरावा द्रावक बदलून मिळतो. अठरा अणूंच्या साध्या क्राउन इथरचा पोटॅशियमशी बंधन-स्थिरांक पाण्यात सुमारे १००, मिथेनॉलमध्ये सुमारे बारा लाख. कडं तेच, आयन तोच, आणि पकडीत दहा हजार पटींचा फरक. किल्ली-कुलपाच्या चित्रात हा फरक कुठे दाखवायचा?

चित्रातली दुसरी अडचण डोनाल्ड क्रॅमने दाखवली. पुस्तकात क्राउन इथर सुबक गोल कडं म्हणून काढतात. पाहुणा नसताना त्या रेणूत असं छिद्र मुळात नसतंच. कार्बनचे दोन गट आत वळतात आणि जागा भरून टाकतात. आयन आला की रेणूला स्वतःला उलगडावं लागतं, आणि त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून क्रॅमने लॉस एंजेलिसमध्ये असे ताठर यजमान बनवले ज्यांचे ऑक्सिजन पाहुणा येण्याआधीच जागेवर बसलेले असतात. स्त्रासबुर्गमध्ये जाँ-मारी लेनने वेगळी वाट धरली. मज्जासंस्थेत सोडियम-पोटॅशियमची ये-जा कशी चालते या कुतूहलातून तो इकडे आला होता. १९६९ मध्ये त्याने कड्याऐवजी तीन बाजूंनी वेढणारे पिंजरे, म्हणजे क्रिप्टँड, तयार केले. पोटॅशियमशी त्यांच्यातल्या एकाचा स्थिरांक पाण्यातसुद्धा अडीच लाखांच्या घरात जातो. पण धरलेला आयन सोडायला हे पिंजरे कड्यांपेक्षा फार आळशी असतात. १९८७ मध्ये पेडरसन, लेन आणि क्रॅम या तिघांना नोबेल मिळालं.

निसर्गाने हे फार आधी साधलंय. व्हॅलिनोमायसिन नावाचं एक प्रतिजैविक आहे, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंकडून येणारं, छत्तीस अणूंचं कडं. ते पोटॅशियमला सोडियमपेक्षा दहा हजार पटींनी जास्त पसंत करतं. कड्याची घडी इतकी ताठ असते की सोडियमसाठी ती आणखी आवळता येत नाही. आपल्या ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातलं पोटॅशियम मोजतात तेव्हा अनेक यंत्रांच्या इलेक्ट्रोडच्या पातळ पडद्यात हाच रेणू असतो. रक्तात सोडियम लिटरमागे १४० मिलिमोल आणि पोटॅशियम जेमतेम चार. इतक्या गर्दीतून चारांना ओळखायचं. झुरिकमध्ये विल्हेल्म सिमोनच्या गटाने १९६० च्या दशकाच्या शेवटी हा इलेक्ट्रोड घडवला. इथेही ओळखण्याइतकंच सोडणं महत्त्वाचं. पडद्यातल्या रेणूने पोटॅशियम एकदा धरून ठेवला आणि सोडलाच नाही, तर पुढच्या रुग्णाच्या रक्ताचं उत्तर मागच्या रुग्णाचं येईल.

आता उलट टोक. एक काम असं आहे की जिथे पाहुण्याला सोडलं तर घात होईल.

मोठ्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ रुग्णाला झोपवतात आणि स्नायूही शिथिल करतात, म्हणजे श्वासनळीत नळी घालता येते आणि पोट उघडताना स्नायू आडवे येत नाहीत. या उपायाचा पूर्वज म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणाचं विष, क्युरारे. १९४२ मध्ये माँट्रियलला हॅरोल्ड ग्रिफिथने ते शस्त्रक्रियेत वापरून दाखवलं. आज त्याच्या जागी रोक्युरोनियमसारखी औषधं आहेत. शस्त्रक्रिया संपल्यावर मात्र त्यांचा परिणाम उतरवावा लागतो, नाहीतर शुद्धीवर आलेल्या माणसाला नीट श्वास घेता येत नाही. जुना उपाय निओस्टिग्मिन. ते रोक्युरोनियमला हातही लावत नाही. स्नायूंना संदेश देणारं अॅसिटिलकोलिन टिकवून ठेवतं, म्हणजे संख्येच्या जोरावर औषधाला मागे रेटतं. याचे दुष्परिणाम हृदयाच्या ठोक्यांपासून लाळेपर्यंत सगळीकडे दिसतात, म्हणून सोबत अॅट्रोपिनसारखं आणखी एक औषध द्यावं लागतं. शिवाय रोक्युरोनियमचा असर गाढ असेल तर हा उपाय चालतच नाही.

ऑर्गॅनॉन कंपनीच्या स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेत अँटन बॉम रोक्युरोनियम विरघळवायला सायक्लोडेक्स्ट्रिन शोधत होता. त्यातून त्याला प्रश्न पडला की हे कडं औषधाला विरघळवण्याऐवजी शरीरातच पकडून निकामी करू शकेल का. गॅमाची रुंदी रोक्युरोनियमच्या स्टेरॉइड सांगाड्याला बरोबर होती, पण खोली कमी पडत होती. रेणूचा काही भाग बाहेर लोंबत राहायचा. मग आठही ग्लुकोजांना एकेक बाजूची साखळी जोडली आणि पोकळीची खोली ०.८ वरून सुमारे १.१ नॅनोमीटरवर नेली. साखळ्यांच्या टोकांना ऋणभार ठेवला. त्याने दोन कामं केली: साखळ्या एकमेकींना ढकलतात म्हणून तोंड उघडं राहतं, आणि रोक्युरोनियमच्या धनभारित नायट्रोजनला त्या अलगद पकडतात. बंधन-स्थिरांक एक कोटीच्या वर गेला. हे सुगॅमाडेक्स. २००८ मध्ये युरोपात त्याला मंजुरी मिळाली, अमेरिकेत अॅलर्जीच्या शंकेमुळे डिसेंबर २०१५ पर्यंत थांबावं लागलं.

माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत देखणं काम ते हेच. सुगॅमाडेक्स स्नायूंपर्यंत जाऊन काही करत नाही. ते रक्तातलं मोकळं रोक्युरोनियम टिपतं. रक्तातलं प्रमाण घसरलं की मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावरचं औषध आपणहून रक्ताकडे उतरतं, आणि तेही पकडलं जातं. निओस्टिग्मिनला ज्या टप्प्यावरून सावरायला सरासरी १८ मिनिटं लागतात, तिथून सुगॅमाडेक्स सुमारे दीड मिनिटात सावरतं. पाहुणा आणि यजमान जोडीनेच मूत्रपिंडातून बाहेर पडतात. अट्राक्युरियमसारख्या, स्टेरॉइडचा सांगाडा नसलेल्या औषधांवर मात्र त्याचा काहीही उपयोग नाही. पोकळी त्यांना ओळखत नाही.

पण ओळख म्हणजे शेवटी आकार आणि भार, आणि स्टेरॉइडचा सांगाडा शरीरात आणखी कुणाकुणाचा असतो. गर्भनिरोधक गोळ्यांतलं प्रोजेस्टोजेन त्यातलंच. सुगॅमाडेक्स त्यालाही काही प्रमाणात धरतं, इतकं की ते दिलेल्या स्त्रीने एक गोळी चुकल्यासारखं समजावं आणि पुढचे सात दिवस दुसरं साधन वापरावं अशी अधिकृत सूचना आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या गडबडीत ही गोष्ट रुग्णाला सांगायची राहू नये, कारण भुलीत आपल्याला नेमकं काय दिलं गेलं हे बहुतेक रुग्णांना माहीतच नसतं.

या दोन टोकांच्या मधलं एक उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया झाल्यावर उरणाऱ्या द्रवात सिझियम-१३७ असतं, अर्धायुष्य ३० वर्षं. कचरा म्हणून ते उपद्रवी, पण वेगळं काढलं तर गॅमा किरणांचा चांगला स्रोत. रक्तपेढ्यांत रक्तावर किरणांचा मारा करतात तो दात्याच्या पांढऱ्या पेशींनी अशक्त रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून. त्या यंत्रांना असा स्रोत लागतो. अडचण अशी की त्या आम्लयुक्त द्रवात सोडियम भरपूर असतं आणि सिझियम अगदी थोडं. तुर्भे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यासाठी कॅलिक्स-क्राउन वापरलं जातं. फिनॉलच्या चार कड्यांचा एक सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं क्राउन इथर, अशी याची रचना. सिझियमला क्राउनचे ऑक्सिजन धरतात, आणि दोन्ही बाजूंच्या बेंझिन कड्यांचे इलेक्ट्रॉनही त्याला टेकू देतात. सोडियमला या टेकूचा लाभ होत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो.

धरून झालं, आता सोडायचं. कॅलिक्स-क्राउन सिझियमला तेलासारख्या द्रावकात घेऊन जातं ते नायट्रेटच्या सोबतीने. तीव्र नायट्रिक आम्लात नायट्रेट मुबलक, म्हणून सिझियम वर येतं. तोच थर अगदी विरळ आम्लाशी घुसळला की नायट्रेटची सोबत उरत नाही आणि सिझियम पाण्यात परततं. यजमान रिकामा होऊन पुन्हा कामाला लागतो. महागड्या रेणूचा असा फेरवापर जमला नसता तर ही पद्धत कागदावरच राहिली असती. वेगळं केलेलं सिझियम तुर्भ्याला काचेत गोठवून त्याच्या पेन्सिली करतात. काचेचा आग्रह का, हे ब्राझीलच्या गोयानियाने दाखवलंय. तिथे सप्टेंबर १९८७ मध्ये भंगारात गेलेल्या एका यंत्रातली सिझियम क्लोराइडची चमकती पावडर लोकांनी हाताळली, वाटली, आणि चार जण दगावले. क्राउन इथरला नोबेल जाहीर झालं ते त्याच्या पुढच्याच महिन्यात.

घट्ट पकडीचा विक्रम कुकुरबिटुरिलकडे आहे. जर्मनीत रॉबर्ट बेहरेंडने १९०५ मध्ये ते बनवलं, पण त्याची रचना कळायला १९८१ उजाडलं. आकारावरून नाव लाल भोपळ्याच्या कुळाचं पडलं. त्यातलं सात घटकांचं कडं एका विशिष्ट हिऱ्यासारख्या सांगाड्याच्या पाहुण्याला पाण्यात धरतं तेव्हा स्थिरांक १०¹⁷ च्या (म्हणजे एकावर सतरा शून्यं) वर जातो. जीवशास्त्रातली घट्ट पकडीची मान्यवर जोडी, अॅव्हिडिन आणि बायोटिन, तीही इथे मागे पडते. शंभराच्या आसपास अणूंच्या कड्याने हजारो अणूंच्या प्रथिनाला हरवलं. यामागेही पोकळीतलं अस्वस्थ पाणी आहे: या कड्याच्या आतल्या भिंती इतक्या अलिप्त आहेत की तिथले पाण्याचे रेणू बाहेर पडायला सायक्लोडेक्स्ट्रिनमधल्यांपेक्षाही उतावीळ असतात. २०१४ मध्ये हा आकडा प्रसिद्ध झाला. त्याचा औषधांत थेट उपयोग मला तरी मर्यादित दिसतो. जो पाहुणा सहजी सुटत नाही तो चिकटवायला, अडकवायला, खूण ठेवायला ठीक.

इतक्या लहान रेणूंचं वागणं संगणकाने आधीच सांगता यायला हवं असं कुणालाही वाटेल. औषधांच्या रचनेसाठी वापरली जाणारी गणिती तंत्रं तपासायला एक खुली चाचणी घेतात, सॅम्पल नावाची. त्यात २०११-१२ पासून यजमान-पाहुण्यांच्या जोड्याही ठेवल्या जातात: प्रयोगाचं उत्तर झाकून ठेवायचं, जगभरच्या गटांनी पकड किती घट्ट ते हिशेबाने सांगायचं, मग तुलना करायची. चांगल्या पद्धतींचीही चूक अनेकदा मोलमागे एक-दोन किलोकॅलरींची निघते. आकडा किरकोळ वाटतो. पण खोलीच्या तापमानाला सुमारे १.४ किलोकॅलरी म्हणजे बंधन-स्थिरांकात दहापट, आणि दोन किलोकॅलरी म्हणजे जवळजवळ तीसपट. चुकीचा मोठा वाटा पुन्हा पाण्याच्याच खात्यात निघतो: पोकळीत नेमके किती रेणू होते, कसे बसले होते, बाहेर पडल्यावर त्यांनी किती कमावलं. तीसपटीच्या अंदाजावर कोणी औषध ठरवत नाही, म्हणून नवं कडं सुचलं की ते आजही आधी बनवतात, मग पाण्यात घालून मोजतात.